रक्तातली खोट

आटपाडी,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपालीस आबाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू आईला साताऱ्याला नेलंस त्याला आठवडा झाला. सांगलीच्या डॉक्टरनं हाडाच्या मगजाचा कॅन्सर सांगितला, मायलोमा का काय ते नाव कागदावर लिहून दिलं, सोमवारपासनं सुई चालू करतो म्हणाला. सगळं ठरलं हुतं. तू आलीस, फाईल चाळलीस आणि एका डॉक्टरबाईला दाखवून आणते म्हणून आईला घेऊन गेलीस. आता तुझा भाऊ प्रशांत सांगतोय की त्या बाईनं परत कमरेत सुई घालून मगज काढला. का? सांगलीत काढलेला कुठं गेला? एका माणसाच्या हाडात असा किती मगज असतो?

मला कान न्हाईत हे तुला ठावं हाय. पलटणीत मॉर्टरपाशी उभं राहून ते सरकारला देऊन आलो. फोनवर तुमी सगळी ओरडता आणि माझ्या पदरात नुसतं व्हय-न्हाई पडतं. तवा पत्र लिही. पत्र दोनदा वाचता येतं, आणि दुसऱ्या वाचनाला लय काय काय सापडतं.

ही जी टेस्ट म्हणता, ज्यात मगज बाहेरगावी जाणार, ती कशाची? प्रशांत म्हणतो जीन्सची. मी म्हटलं, पँटची? तो हसला आणि पुढं काय सांगंना. कुणी हसून विषय टाळला की माझा संशय वाढतो. शेजारचा गुंडा म्हणत हुता की नवीन औषधं तपासायला मोठ्या कंपन्यांना म्हातारी माणसं लागतात. गुंडा काय शिकलेला न्हाई, पण आंधळाबी न्हाई.

डाळिंब उतरायला आलंय, व्यापारी चकरा मारतोय, म्हणून मला हलता येत न्हाई. आईच्या डोळ्याचं कसं हाय? तिच्या हातची एक ओळ तरी धाड.

माया हाय तेवढी राहू दे, आणि उत्तरात काय झाकून ठेवू नको.
तुझा,
आबा


सातारा,
ता. १३ फेब्रुवारी २०२५

ति. आबांना लेकीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. टपालखात्यात नोकरी करणाऱ्या मुलीला बाप अजून पोस्टानं पत्र लिहितो, याचं आमच्या ऑफिसात फार कौतुक आहे. आतला मजकूर त्यांना माहीत नाही, हे बरं आहे.

आधी मगजाचं सांगते. सांगलीत काढलेल्या नमुन्याच्या काचपट्ट्या आम्ही मागवून घेतल्या, डॉक्टरबाईंनी त्या पाहिल्या. आईच्या रक्तात जे प्रोटीन वाढलंय, ते मायलोमात सहसा सापडणाऱ्या जातीचं नाही, अशी त्यांची पहिली शंका. दुसरी अशी की मायलोमात हाडांना भोकं पडतात, आईच्या एक्स-रेत एकही नाही. उलट बगलेत गाठी आहेत, पांथरी वाढलीय, पायांना मुंग्या येतात, डोळ्यांपुढं धुकं असतं. त्यांच्या मते हा लिम्फोमाचा एक दुर्मिळ प्रकार असावा. दोन्ही आजारांतल्या पेशी दुर्बिणीखाली कधीकधी भावंडांसारख्या दिसतात, पण औषध निराळं. त्या रोगट पेशींमध्ये एमवायडी ८८ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल सापडला, तर आजाराचं नाव जवळजवळ पक्कं होतं. त्यासाठी ताजा नमुना हवा होता, म्हणून सुई पुन्हा टोचावी लागली. निकालाला तीनेक आठवडे लागतील.

प्रयोग वगैरे काही नाही, आबा. संमतीचा कागद मी आईला दोनदा वाचून दाखवला. तिनं माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले आणि मगच सही केली. जनुक म्हणजे पेशीला काम सांगणारी चिठ्ठी समजा. ती चिठ्ठी कुठं चुकलीय ते बघायचंय.

आईला रेघा दिसत नाहीत, त्यामुळं ओळ लिहिणं जमलं नाही. खाली सही तेवढी केलीय. तिचा निरोप असा की माळ्यावरच्या शेवयांना ऊन दाखवून डब्यात भरा, आणि प्रशांतला दिवसातून चारदा चहा पाजू नका.

माझ्यावर चिडा, पण जीव लावायचा थांबवू नका.
आपली,
आम्रपाली


आटपाडी,
ता. १९ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपालीस जयभीम. आशीर्वाद देतोय, पण मन थाऱ्यावर न्हाई. वि. वि.

आईची सही बघितली. रेशनकार्डापासनं बँकेपर्यंत तिची सही मी बघत आलोय. ही तिची न्हाई. मुक्ताबाईतल्या शेवटच्या ईवरचा आकडाच न्हाई. तू तिचा हात धरून करवलीस का? तिचा निरोपबी तुझ्याच अक्षरात येतोय. त्यात तिचं किती आणि तुझं किती, हे मी कसं वळखायचं?

आता दुसरं. काल शिराळ्यासनं नानासो आले. प्रशांतला त्यांची उत्पला केलेली, सुपारी फुटलेली, घरचेच म्हणायचे. मी चहा ठेवला तर नको म्हणाले. मला ऐकू येत न्हाई म्हणून कागद मागितला आणि लिहिलं की तुमच्या घरात रक्ताची आनुवंशिक तपासणी चाललीय असं कानावर आलंय, मुलीच्या बापाला विचारायचा हक्क हाय. बसले तसे उठले. हे त्यांच्या कानावर कुणी घातलं? आटपाडीत मी, प्रशांत आणि गुंडा सोडून कुणाला ठावं न्हाई, आणि गुंडाला शिराळ्याचा रस्ता म्हाईत न्हाई. म्हंजी वारं साताऱ्यातनं गेलं. एकतर तू, न्हाईतर जावई, न्हाईतर ती डॉक्टरबाई.

पोरी, मला काय सलतंय ते आता सांगतो. आमच्या आज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं ते जन्मावरनं. ह्यांच्या रक्तातच खोट हाय म्हणायचे. माझ्या बापानं छप्पन सालानंतर धम्म घेतला तो ही असली बोलणी ऐकून घ्यायची न्हाईत म्हणून. पलटणीत मी रक्त दिलं, ते कुणाकुणाच्या अंगात गेलं, कुणी विचारलं न्हाई कुणाचं म्हणून. आणि आता माझीच शिकलेली लेक म्हणती की आईचं रक्त यंत्रात घालून खोट कुठं हाय ते बघूया. सापडली की कागदावर येणार. नानासोसारखा जो तो ती वाचणार.

नमुना परत मागव. आईला घेऊन ये. सांगलीचा डॉक्टर सुई द्यायला तयार हाय.

बापाचं ऐकलंस तर लोभ वाढंल, न्हाई ऐकलंस तरी आटणार न्हाई.
आबा


सातारा,
ता. २४ फेब्रुवारी २०२५

ति. आबांना जयभीम. वि. वि.

आईला आणता येणार नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी तिच्या नाकातून रक्त सुरू झालं, ते बर्फ लावून, नाक दाबून, कशानंच थांबेना. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत माझा पदर भिजला होता. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत दिवा टाकून पाहिलं. त्या प्रोटीनमुळं रक्त काकवीसारखं दाट झालंय, डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा फुगल्यात, आणखी उशीर झाला तर नजर जाईल, झटकाही येऊ शकेल, असं म्हणाल्या. मग यंत्रातून रक्त फिरवून त्यातला दाट भाग काढला आणि दुसरा घातला. दोनदा करावं लागलं. हे करायला टेस्टच्या निकालाची वाट बघावी लागत नाही, आणि त्यांनी ती बघितलीही नाही. आता आई बरी आहे. माझ्या साडीचा रंग ओळखला तिनं काल.

सही तिचीच आहे. मी हात धरलेला नाही. नानासोंना मी काही बोललेले नाही. तुमच्या जावयांनी नाही, आणि डॉक्टरबाईंना नानासो कोण हेही माहीत नाही. आबा, घरातल्या प्रत्येकावर असा संशय घेतलात तर राहील कोण?

तुमचं रक्ताबद्दलचं लिहिणं मी रात्रभर उशाशी ठेवलं. तुम्हाला जे सलतंय ते मलाही सलतं. पण या टेस्टमध्ये आईच्या जन्माचं काही शोधत नाहीत. आपल्या बागेत एका भगव्या डाळिंबाच्या झाडावर एकाच फांदीला फिकट फळं यायची, आठवतं? रोप चांगलं, मुळं चांगली, बाकी फांद्या चांगल्या. मध्येच एका डोळ्यात, कोंबात, काहीतरी बदललं आणि तेवढीच फांदी वेगळी निघाली. आईच्या एका पेशीत असंच उतारवयात काहीतरी बदललं, त्या पेशीच्या हजारो पेशी झाल्या. तपासायचंय ते त्या फांदीला. आईबापाकडून आलेलं काही नाही, आणि म्हणून आम्हा भावंडांना दिलेलंही नाही.

आता मी विचारते. प्रशांत म्हणाला की आबा दोनदा सांगलीला जाऊन आले आणि कशाला ते सांगत नाहीत. तुम्ही तिथं आईसाठी खाट धरून ठेवलीय का? मला न विचारता तिला न्यायला गाडी येणार आहे का? नमुना गेलाय, तो परत मागवणार नाही. आईनंही तसंच सांगितलंय, विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

तुमच्यावरचा लोभ आहे म्हणूनच इतकं भांडते.
आम्रपाली


आटपाडी,
ता. २ मार्च २०२५

चि. आम्रपालीस जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

व्हय, गेलो हुतो सांगलीला. पहिल्यांदा गेलो ते खाट धरायलाच. खोटं बोलत न्हाई. डॉक्टर त्या दिवशी भेटला न्हाई.

दुसऱ्यांदा बाहेर बसून राहिलो. आत घेतल्यावर तुझं पहिलं पत्र त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, वाचा, ही माझी लेक शहाणी का तुमी? त्यानं सगळं वाचलं. आईची फाईल उघडली. मग मला ऐकू येत न्हाई म्हटल्यावर मोबाइलवर मोठ्या अक्षरात टाइप करून दाखवलं. प्रोटीनच्या जातीचा रिपोर्ट माझ्याकडं उशिरा आला, तो बघून मलाही ही टेस्ट मागवायला लागली असती, असं लिहिलं. आणि पुढं लिहिलं की मी देणार हुतो त्या सुईनं पायाच्या मुंग्या वाढतात, तुमच्या बाईंच्या पायांना त्या आधीच हायत, तवा थांबलात ते बरं झालं. निकाल आला की मलाबी कळवा म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडं बघत हुतो. लपवणारा माणूस मोबाइलात तोंड घालतो. ह्यानं टाइप करून झाल्यावर माझ्याकडं बघितलं. तरीबी एक डॉक्टर दुसऱ्याला सांभाळून घेतो हे मी विसरलेलो न्हाई. खाट धरली न्हाई. तूर्त एवढंच.

नाकातलं रक्त परत आलं का? हे पहिलं लिही, बाकी मागनं. फांदीचं तू लिहिलंस ते झाड मी चार वर्षांमागं काढून टाकलं. आता वाटतं, फांदीच छाटली असती तर भागलं असतं.

नानासोंचं अजून उलगडलं न्हाई. आणि एमवायडी ८८ हे बंदुकीच्या नंबरासारखं वाटतं, त्यावर माझा अजून भरवसा न्हाई.

तुझ्यावर हाय, असं समज.
आबा


सातारा,
ता. १४ मार्च २०२५

ति. आबांना जयभीम. वि. वि.

नाकातलं रक्त परत आलेलं नाही. हे पहिलं लिहिलं.

निकाल आला. एमवायडी ८८ मधला बदल सापडला. म्हणजे मायलोमा नाही. हा लिम्फोमाच आहे, लाखात एखाद्याला होणारा, हळूहळू चालणारा. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं की हा मुळापासून जात नाही, पण त्याला दाबून ठेवता येतं. दुसऱ्या एका जनुकातही बदल असता तर यावरची गोळी नीट लागू पडली नसती. तो आईत नाही. त्यामुळं रोज घ्यायची गोळी ठरली. त्या पेशींना वाढा म्हणून जो हुकूम मिळतो, तो ही गोळी मध्येच अडवते. टेस्ट केली नसती तर ही गोळी द्यायचं धाडस केलं नसतं, असं त्या म्हणाल्या. गोळीनं हृदयाचे ठोके चुकू शकतात, अंगावर काळेनिळे डाग उठतात, म्हणून आधी ईसीजी काढला आणि दर महिन्याला बोलावलंय.

आता जे तुम्हाला आवडणार नाही तेही लिहिते, कारण झाकू नको असं तुम्हीच सांगितलंत. मी डॉक्टरबाईंना नेमकं विचारलं की हे मुलांना येतं का. सापडलेला बदल जन्माचा नाही, तो कुणाला वारशानं जात नाही, यावर त्या ठाम आहेत. पण क्वचित एखाद्या घरात दोघांना असे आजार झालेले दिसतात, त्याचं कारण अजून कुणाला नीट समजलेलं नाही, असंही म्हणाल्या. प्रशांतची किंवा माझी तपासणी करायची गरज नाही.

हे नानासोंना सांगायचं की नाही? मला वाटतं तुम्ही म्हणाल, पहिलं तेवढं सांग, दुसरं गाळ. आईला विचारलं तर ती नुसती हसली. तिच्या हसण्याचा मला पहिल्यांदाच संशय आलाय.

आशीर्वाद पाठवा, सल्ला मागाहून पाठवला तरी चालेल.
आम्रपाली


सातारा,
ता. २० एप्रिल २०२५

प्रशांतच्या आबांना मुक्ताचा जयभीम. वि. वि.

हे पत्र माझ्या हातचं हाय. कुणी हात धरलेला न्हाई. पेपरातली मोठी अक्षरं मागंच दिसाय लागली, आता बारीकबी दिसतात. आधीची सहीबी माझीच हुती. ईवरचा आकडा कुठं काढायचा तेच दिसत नव्हतं, म्हणून राहिला. आणि आपली लेक माझ्या निरोपात पदरचं काय घालत न्हाई. उलट मी तुमाला दिलेल्या शिव्या ती गाळते.

नानासोंचं कोडं सोडवते. उत्पलाच्या आईला फोन मी केला हुता. मला असं असं झालंय, टेस्ट चाललीय, निकाल काय येईल ठावं न्हाई, हे मीच सांगितलं. लग्न लागल्यावर त्या पोरीला कळलं असतं तर पुढं आपल्या घरातल्या साध्या खोकल्यावरबी तिनं संशय धरला असता. तुमच्यासारखं एक माणूस घरात हाय, तेवढं बास हाय मला. तुमाला सांगितलं न्हाई, कारण तुमी मोडता घातला असता.

निकाल आल्यावर त्या सगळ्यांना इथं बोलावलं. उत्पला डॉक्टरबाईंपुढं बसली आणि धिटाईनं विचारलं की मला मुलं झाली तर त्यांना हे हुईल का. डॉक्टरबाईंनी आम्रपालीला सांगितलं तेच सांगितलं, पुढचं क्वचितचं धरून, काय गाळलं न्हाई. नानासोंचं तोंड उतरलं. ते परत परत तेच विचारत राहिले. शेवटी पोरगी बापाला म्हणाली की आप्पा, आपल्याकडं दोन काकांना साखर हाय, ते आपण ह्यांना कवा सांगितलं? शिराळ्याला जाताना एसटीत चढायच्या आधी माझा हात धरून ती म्हणाली की मेच्या शेवटी विहारात लग्न लावूया, तवर तुमी चालत्याफिरत्या व्हा. मी चालतीच हाय. दंडावर एक काळा डाग उठलाय, तेवढंच.

तुमची खोट म्हणता ती अशी. म्हातारपणी एका पेशीनं वेडेपणा केला. आई-अण्णांनी मला दिलेलं जे हुतं ते जसंच्या तसं हाय.

डॉक्टरबाई म्हणाल्या की गोळ्या नीट घेतल्या तर मी अजून वर्षं काढीन.

आता माझा संशय. बाग बाग म्हणता, पण डाळिंब कवाच उतरलं असं प्रशांत सांगतो. मग तुमी आला का न्हाई? लेकीवर रुसला, का माझ्याकडं बघायचं भ्या वाटतंय? खरं लिहा.

उन्हात टोपी घालत जावा. राग नको, वाट बघते.
मुक्ता


आटपाडी,
ता. २४ एप्रिल २०२५

सौ. मुक्तास आबाचा जयभीम. वि. वि.

पत्र तुझंच हाय, ह्यात शंका न्हाई. शिव्या गाळल्या असत्या तर शंका आली असती. फोन तू केलास हे वाचलं. संध्याकाळी नानासोंना पत्र टाकलं, लग्नाची तारीख कळवा म्हणून.

डाळिंब उतरून महिना झाला, खरं हाय. मला कान न्हाईत, मुक्ता. माणूस बोलायच्या आधी मी त्याच्या तोंडावरनं वळखतो. त्या डॉक्टरबाईच्या तोंडावर, न्हाईतर तुझ्या, काय दिसंल, त्याचं भ्या वाटलं. सांगलीच्या डॉक्टरपुढं बसताना वाटलं न्हाई, कारण तिथं तू नव्हतीस.

एका जागी मात्र अडलोय. अजून वर्ष काढीन लिहिलंस का वर्षं काढीन? कागद तिथंच दुमडलाय. त्या अक्षरावर ठिपका हाय खरा, पण टिंब म्हणावं तर फिकट, आणि डाग म्हणावं तर बरोब्बर जागेवर बसलाय. प्रशांत म्हणतो टिंबच. तो मला बरं वाटावं म्हणून काय बी म्हणतो. गुंडाला दाखवलं तर तो म्हणाला की मुक्ताबाईंनाच विचार. लेकीला विचारायचं न्हाई मला, डॉक्टरबाईलाबी न्हाई.

पुढच्या शुक्रवारच्या पहिल्या एसटीनं येतोय. मला सांगायची घाई करू नको. समोर उजेडात बस आणि तेवढा एक शब्द म्हण, शेवट लांबवून, म्हंजी टिंब हाय का न्हाई ते मला तोंडावरनं दिसंल.

तुझा,
आबा